बाटली भरलेली, इंजिन कोरडं

हळद भाजीत घालायची असते, इंजिनात नाही. हे वाक्य लिहायची वेळ माझ्यावर यावी, इथूनच माझा संताप सुरू होतो. पण जिचा सगळा जन्म नागपुरात रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानात गेला, तिला दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलंत तर सुरुवात दुसरी कुठून होणार? भर उन्हात गाडी तापते, पाणी गळायला लागतं. रस्त्यावरचा कोणीतरी हुशार माणूस पुढे होतो, जवळच्या किराणा दुकानातून हळदीचं पाकीट आणतो, रेडिएटरच्या तोंडात रिकामं करतो आणि हात झटकून म्हणतो, "झालं काम!" बारीक भोकात हळद फुगून बसते, गळती घटकाभर थांबते आणि गाडीवाल्याला तो देवमाणूस वाटतो. पुढे तीच हळद इंजिनाच्या पोटात फिरते, शिजते, रेडिएटरच्या नळ्यांत थर धरून बसते. मग गाडी माझ्याकडे येते. मी खोलते, तर आत पिवळा चिखल. तो उपसताना मी आजवर जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या आमच्या महाल भागातल्या दुसऱ्या कुठल्या बाईनं दिल्या नसतील.

दुकान वडिलांचं. महालातून गांधीबागेकडे जाताना एका गल्लीच्या तोंडाशी आहे. वडील पितळी रेडिएटरला डाग द्यायचे, म्हणजे कथील वितळवून भोकं बुजवायचे. रेडिएटरची तोंडं बंद करायची, आत हवा भरायची आणि पाण्याच्या हौदात बुडवायचा. जिथून बुडबुडा निघेल तिथं भोक. लहानपणी मला त्या हौदाशी बसून बुडबुडे शोधायला फार आवडायचं. मुलगा नव्हता म्हणून मुलीला शिकवलं, असं लोक म्हणतात. साफ खोटं. मला आवडत होतं म्हणून मी शिकले. वडील गेल्यावर दुकान मी चालवलं, नुसत्या रेडिएटरवरून हळूहळू गाडीच्या पाण्याच्या सगळ्या दुखण्यांवर आले, आणि आता केस पांढरे झाले तरी नवीन गिऱ्हाईक दारात उभं राहून माझ्या डोक्यावरून आत पाहतं आणि विचारतं, "मिस्त्री कुठं गेले?" हातात पाना असतो माझ्या. हात कोपरापर्यंत काळे असतात. तरी मिस्त्री कुठं गेले!

पितळी रेडिएटर आता फारसे येत नाहीत. अॅल्युमिनियमचे आले, त्यांना वरखाली प्लास्टिकच्या टाक्या. फुटला की फेका, नवा बसवा. डाग देण्यातलं माझं कसब हातातच राहिलं, याचं वाईट वाटतं. पण गळती शोधायची विद्या अजून लागते, कारण पाणी कुठून जातं हे नवा सुटा भाग विकत आणून कळत नाही.

ज्यांचा गाडीच्या बॉनेटखाली डोकवायचा प्रसंग आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंजिनात इंधन जळतं, ते भट्टीसारखं तापतं. त्याच्या भिंती पोकळ असतात. त्या पोकळ्यांतून पाणी फिरतं, उष्णता घेऊन पुढच्या रेडिएटरमध्ये येतं, तिथं वाऱ्यावर निवतं आणि परत आत जातं. सगळं बंद, दाबाखाली, घरातल्या कुकरसारखं. पाणी तापून फुगलं की जास्तीचं पाणी झाकणातून शेजारच्या प्लास्टिकच्या बाटलीत जातं. गाडी गार झाली की तेच पाणी परत आत ओढलं जातं. आणि हे साधं पाणी नसावं. त्यात कूलंट घालावं लागतं, म्हणजे आतलं लोखंड गंजत नाही. एवढंच शास्त्र आहे. एवढंही लोक पाळत नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ जळते दिवस, लागायच्या आधी एक पांढरी जुनी गाडी दोरीला बांधून माझ्या दुकानासमोर आणली गेली. वीसेक वर्षांची असेल, पण बाहेरून लखलखीत. मालक गांधीबागेतले कापडाचे ठोक व्यापारी. त्यांना सगळे शेठ म्हणतात, मीही म्हणायची. त्यांची गाडी आधी एक-दोनदा माझ्याकडे आली होती, ओळख होती. शेठ मागून दुसऱ्या गाडीनं आले, उतरले आणि बसायच्या आधीच सुरू झाले.

"ताई, माझ्या आईले मारलं असतं त्या माणसानं!"

त्यांच्या आई, त्यांना घरात आणि इमारतीत सगळे मोठ्या बाई म्हणतात, रामटेकला दर्शनाला गेल्या होत्या. परत येताना दुपारच्या उन्हात गाडी रस्त्यात बंद पडली. आजूबाजूला सावली नाही. म्हाताऱ्या बाईंना चक्कर आली, ऊन लागलं, दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्या ठीक होऊन घरी आल्या, पण त्याआधीच शेठनी ड्रायव्हरला कामावरून काढून टाकलं होतं. इमारतीच्या पार्किंगमध्ये, चौकीदार आणि बाकीच्या घरांचे ड्रायव्हर यांच्यादेखत.

"गाडीत थेंबभर पाणी नव्हतं," शेठ म्हणाले. "ज्यानं गाडी सुरू करून दिली त्या मेकॅनिकनं स्वतः सांगितलं. रोज सकाळी पाणी पाहायचं, एवढं एकच काम. तेही नाही केलं. वर इंजिन बंद करून बसला भर उन्हात. पुढच्या ढाब्यापर्यंत तरी न्यायची! या लोकांचं असंच असते."

"कोणत्या लोकांचं?" मी विचारलं.

ते क्षणभर थांबले. "ड्रायव्हर लोकांचं. म्हणजे, एकूणच."

त्या थांबण्यात काय होतं ते मला कळलं. त्यांना काढलेला ड्रायव्हर, मधुकर, मी ओळखत होते. उत्तर नागपुरात इंदोऱ्याला, बौद्धांच्या वस्तीत राहतो. शेठच्या गाडीवर कित्येक वर्षं होता, दुकानात आला की बाकावर बसून शांतपणे पेपर वाचायचा. त्याला कोणाच्या अंगावर ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"तुम्ही फक्त पाहून सांगा," शेठ जाताना म्हणाले. "मी सगळ्यांना सांगून ठेवतो, याला कोणी कामावर घेऊ नका म्हणून. आणखी कोणाच्या आईवर ही वेळ नको."

ते गेले. मी रेडिएटरचं झाकण काढलं. आत हळद! रस्त्यावरच्या त्या मेकॅनिकनं पाण्यासोबत ती ओतली होती आणि गाडी "सुरू करून" दिली होती; थोडं चालून ती परत बंद पडली, म्हणून तर दोरी लागली. आणि अशा माणसाच्या साक्षीवर एकाची नोकरी गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडलं तर मधुकर समोरच्या पानठेल्याशी उभा. आत या म्हटलं तरी उंबऱ्यापाशीच थांबला.

"ताई, माझी बाजू घ्या म्हणत नाही मी," तो म्हणाला. "काय निघते ते खरं सांगजा, बस. माझी चूक निघाली तर तसं सांगजा."

"आधी काय झालं ते सांगा."

"मी रोज सकाळी बाटली पाहत होतो. भरलेली होती. त्या दिवशीही भरलेली होती. गाडीखाली कधी थेंब नाही दिसला. गरमीचा काटा पाहून राहिलो होतो ना मी, काटा अर्ध्याच्याही खाली! गाडी अचानक ओढेनाशी झाली, आतून टकटक आवाज आला. मी लगेच बंद केली. चालवली असती तर इंजिन गेलं असतं. मोठ्या बाईंना उचलून शेतातल्या झोपडीत नेलं, गमछा भिजवून डोक्यावर ठेवला, येणारी पहिली गाडी हात देऊन थांबवली आणि दवाखान्यात घेऊन गेलो. आणखी काय करू पाहिजे होतं?"

"आधी कधी काही जाणवलं?"

"महिनाभर सांगून राहिलो होतो मालकाले. गाडी थांबली की वास येते. ओल्या कपड्यावर इस्त्री फिरवली की कसा येते, तसा. मालक म्हणे, तुले काहून एवढे वास येतात? मोठ्या बाईंनाही येत होता."

वासाचं ऐकल्यावर मी कान टवकारले. ओल्या कपड्यावर इस्त्रीचा वास म्हणजे गरम लोखंडावर पाणी पडतंय. पण जमिनीवर थेंब नाही. म्हणजे पाणी जमिनीपर्यंत पोचतच नाही, वाटेतच त्याची वाफ होते.

पण हळद निघाल्याशिवाय काही कळणार नव्हतं, कारण त्या हळदीनं गळती तात्पुरती बुजवून ठेवली होती. रेडिएटर उतरवला, नळ्या सोडल्या, उलट दिशेनं पाणी मारून मारून धुतलं. आधी पिवळं पाणी आलं, मग तांबडं. ते तांबडं पाहून माझं डोकं आणखी फिरलं. तो गंज होता. या इंजिनात वर्षानुवर्षं कूलंट पडलंच नव्हतं.

"कूलंट कोण भरायचं?" मी मधुकरला विचारलं.

मालकाकडची नोकरी गेली तरी मालकाबद्दल बोलताना त्याची जीभ अडत होती.

"मी मागत होतो. ते म्हणे, पाणीच तर असते, रंग घातलेलं. बोअरचं भर. पार्किंगमध्ये नळ आहे ना."

नागपुरातलं बोअरचं पाणी! घरातल्या बादल्या पाहा, नळाच्या तोट्या पाहा, कूलरच्या जाळ्या पाहा. पांढरे थर चढलेले. ते पाणी या माणसानं इंजिनाला पाजलं आणि इंजिन आतून कुजलं.

सगळं जोडून, स्वच्छ पाणी भरून मी रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावला. त्याला दाब दाखवणारा काटा असतो. आतला दाब वाढवायचा आणि काटा खाली येतो का पाहायचं. गार इंजिनावर काटा जवळपास हललाच नाही. कोणी घाईतला असता तर म्हणाला असता, गळती नाही, ड्रायव्हरच खोटारडा. मी मधुकरला गाडी चालवायला लावली, शेजारी बसले, रस्त्यावर चांगली तापवून आणली आणि बॉनेट उघडून कान लावला. पंख्याच्या आवाजाआडून मागून कुठून तरी बारीक फुसफुस येत होती.

इंजिनाच्या भिंतीत बाजूला काही गोल भोकं असतात आणि ती पत्र्याच्या छोट्या वाटीसारख्या बुचांनी बंद केलेली असतात. कोअर प्लग म्हणतात त्यांना. सगळ्यात मागचं बूच प्रवाशांच्या पायांसमोरच्या पत्र्याला लागून, धुराच्या नळीच्या वर असतं. तिथं डोळा पोचत नाही, हातही नीट पोचत नाही. मी काडीला बांधलेला दाढीचा आरसा आत घातला, टॉर्च धरला. आरशात दिसलं: त्या वाटीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र, त्यातून वाफेची बारीक रेघ, आणि खाली धुराच्या नळीवर पांढऱ्या क्षाराचे आणि गंजाचे ओघळ. ओघळ एका दिवसाचे नव्हते. महिने लागतात असे ओघळ जमायला.

मी मधुकरला आरसा दिला. त्यानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आरसा मला परत देऊन तो बाहेर गेला आणि नळाखाली तोंड धुऊन आला.

आता बाटलीचं कोडं. इंजिन गार होताना आत पोकळी तयार होते आणि ती बाटलीतलं पाणी ओढते. पण भोक असेल तर पाण्याऐवजी त्या भोकातून हवा आत शिरते. हवेला सोपी वाट सापडली की बाटलीतलं पाणी जागचं हलत नाही. म्हणजे इंजिन दर दिवशी थोडं थोडं रिकामं होत जातं आणि बाटली मात्र गच्च भरलेली. आणि काट्याचं काय? काट्याला खबर देणारा तुकडा पाण्यात बुडालेला असतो. पाणीच गेलं, तर तो हवेत लोंबकळतो आणि सगळं ठीक आहे असं सांगतो. बाटली खोटं बोलत होती, जमीन खोटं बोलत होती, काटा खोटं बोलत होता. एकटा मधुकर खरं बोलत होता आणि काढलं त्यालाच.

हे सगळं मी शेठना फोनवर सांगू शकले असते. सांगितलं नाही. संध्याकाळी रेडिएटर काठोकाठ भरला, बाटली खुणेपर्यंत भरली, गाडी परत तापवली आणि शटर लावलं. सकाळी शेठना बोलावलं आणि त्यांच्यासमोर झाकण काढलं. आत पाणी बोटभर खाली. शेजारची बाटली खुणेवर, जशीच्या तशी. मग झाकण लावून गाडी चांगली तापवली आणि आरसा त्यांच्या हातात दिला.

शेठ मूर्ख नाहीत. त्यांना कळलं. चेहऱ्यावरून दिसलं की कळलं.

"बरं, म्हणजे बूच खराब होतं," ते म्हणाले. "बदलून टाका."

"ते बदलतेच. मधुकरचं काय?"

"त्याचं काय?"

"त्यानं तुम्हाला वासाचं सांगितलं होतं. कूलंट मागितलं होतं. तुम्ही बोअरचं पाणी भरायला लावलं. हे बूच त्या पाण्यानंच गंजलं."

"ताई, गाडीचा प्रॉब्लेम वेगळा, माणसाचा वेगळा. ड्रायव्हरनं लक्ष द्यायला पाहिजे. आता तो येऊन राहिला तर येऊ दे उद्यापासून, माझी काही हरकत नाही."

हरकत नाही! मला आजही ते शब्द आठवले की कानशिलं तापतात. एखाद्याच्या तोंडाला काळं फासायचं आणि मग म्हणायचं, तोंड धुवायला माझी काही हरकत नाही.

"तुम्ही त्याला पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर बोलले," मी म्हटलं. "फोन करून करून लोकांना सांगितलं. आता तेवढ्याच मोठ्यानं सांगा की त्याची चूक नव्हती."

शेठ हसले. "तुम्ही इतकं काय मनावर घेता? तुमचा कोण लागतो तो?"

माझ्या मनात आलेलं उत्तर इथं छापता यायचं नाही.

काम मात्र मी चोख केलं. राग माणसावर होता, इंजिनावर नव्हता. धुराची नळी सोडवली, कुजलेली वाटी बाहेर ओढली. हातात आली तेव्हा मागून बिस्किटासारखी चुरत होती. तिच्या वयाची बाकीची बुचंही काढली. एक गेलं की बाकीची वाट पाहत असतात. भोकांच्या कडा घासून चकचकीत केल्या, नवीन बुचं मापाच्या सॉकेटवर धरून हातोडीनं बसवली. बूच नीट बसलं की ठोक्याचा आवाज बदलतो. पोकळ आवाज जाऊन भरीव येतो. तो आवाज ऐकायला अजूनही मला हौदातल्या बुडबुड्याइतकंच बरं वाटतं. रेडिएटरला नवीन झाकण, आत डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. गाडी दिवसभर तापवली, गार केली, परत तापवली. आता बाटलीतलं पाणी खालीवर व्हायला लागलं, जसं व्हायला पाहिजे तसं.

गाडी पोचवायला मी मधुकरला सोबत घेतलं. तो नाही म्हणत होता. मी म्हटलं, "गाडी तुम्ही चालवा. मी मागून स्कूटरनं येते." तो आला. पार्किंगमध्ये गाडी लावून तो उतरला तेव्हा चौकीदार आणि दोन-तीन ड्रायव्हर पाण्याच्या टाकीपाशी बसले होते. त्याला पाहून एका ड्रायव्हरनं मान दुसरीकडे वळवली.

लिफ्टचं दार उघडलं आणि मोठ्या बाई बाहेर आल्या. हातात काठी, डोक्यावर पदर. त्यांच्यामागून शेठ.

"कोणी सांगेल का मले, काय निघालं गाडीत?" बाईंनी विचारलं. शेठनी त्यांना घरी काहीच सांगितलं नव्हतं.

"आई, तू वर चल, ऊन आहे," शेठ म्हणाले.

"पार्किंगमध्ये कायचं ऊन?" त्यांनी चौकीदाराची खुर्ची ओढायला लावली, बसल्या आणि माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा वं ताई."

मी सांगितलं. बाटली, बूच, वास, बोअरचं पाणी, सगळं. आवाज मुद्दाम खाली केला नाही. टाकीपाशी बसलेले लोक ऐकत होते आणि त्यांनी ऐकावं अशीच माझी इच्छा होती.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग त्या ड्रायव्हरांकडे वळल्या.

"इकडे या रे सगळे. ऐकून घ्या. मधुकरची काही चूक नव्हती. वास मलेही येत होता. त्यानं माझ्यासमोर सांगितलं होतं घरात. त्या दिवशी त्यानं मले पोरीसारखं उचलून नेलं, म्हणून मी इथं बसून आहे. हे मी दवाखान्यातून आल्या आल्या बोलली होती, पण माझं कोणी ऐकलं नाही. म्हणून आता इथं बोलून राहिली."

चौकीदारानं उगीच टोपी नीट केली. शेठ जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहून मोबाईलवर बोट फिरवत होते. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. एक वाक्य. एकच वाक्य बोलायचं होतं त्यांना. ते म्हणाले, "चला, झालं ना आता समाधान? मधुकर, उद्यापासून ये."

मधुकर बाईंच्या पाया पडला. उठून त्यानं गाडीची किल्ली बॉनेटवर ठेवली.

"मोठ्या बाई बोलल्या, माझं मन भरलं," तो शेठना म्हणाला. "पण काढलं तुम्ही होतं. बोला लागत होतं तुम्हाले."

आणि तो चालत गेटबाहेर गेला.

मी स्कूटर काढून त्याला गाठलं, मागे बसायला लावलं आणि सगळ्या रस्ताभर शेठच्या नावानं बोलत राहिले. भैताड म्हटलं, आणखी बरंच म्हटलं. सिग्नलला थांबलो तेव्हा मधुकर मागून हळूच म्हणाला, "ताई, आता बस करा. तुमचा राग माझ्याच्यानं उचलल्या जात नाही."

"तुम्हाला नाही येत राग?"

"येते ना. काहून नाही येत? पण तुम्ही रागावून दुकानात जाता. मले उद्या दारोदार जा लागते काम मागायले, हसऱ्या तोंडानं. रागीट ड्रायव्हर कोण ठेवते?"

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी स्कूटर पुढे काढली, पण माझा राग काही गेला नाही. त्यात आणखी एक भर पडली. ज्याचं नुकसान झालं त्याला रागावायचीही सोय नाही, आणि ज्यानं केलं तो मोबाईल पाहत उभा.

शेठ त्यानंतर माझ्याकडे आले नाहीत. ती बाई भांडखोर आहे, असं ते सांगतात म्हणे. सांगोत. गिऱ्हाईक गेल्याचं दुःख मला फार दिवस पुरलं नाही.

मधुकरला काम मिळायला पावसाळा लागला. त्या दिवशी पार्किंगमध्ये मान वळवणारा जो ड्रायव्हर होता, त्यानंच ते मिळवून दिलं, हे मात्र सांगायला हवं. त्याच्या ओळखीतले एक साहेब, बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना रोज गाडी चालवायला विश्वासाचा माणूस हवा होता. मोठ्या बाईंनी जे सांगितलं ते त्या ड्रायव्हरनं जसंच्या तसं साहेबांना सांगितलं. साहेबांनी मधुकरला ठेवायचं ठरवलं. पण मधुकर पहिल्याच दिवशी त्यांना त्यांच्या गाडीसकट माझ्या दुकानात घेऊन आला.

"ताई, पाण्याचं सगळं तपासून द्या," तो म्हणाला. "साहेबासमोर."

मी पंप लावला, नळ्या दाबून पाहिल्या, बुचं पाहिली. गाडी चांगली होती, कूलंट वेळच्या वेळी बदललेलं होतं. मधुकर प्रत्येक गोष्ट साहेबांना बोट दाखवून सांगत होता: हे असं आहे, हे असं आहे, पाहून घ्या. साहेबांना आधी मौज वाटली. मग ते माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "अहो ताई, ड्रायव्हर ठेवताना आपण त्याची चौकशी करतो. हा पहिला ड्रायव्हर पाहिला, जो मालकालाच तपासून घेतोय. गंमत आहे की नाही?"

मला हसू आलं नाही. चांगला माणूस, वाईट हेतू नाही, तरी त्याला यात गंमत दिसावी! आयुष्यभर धड काम केलेल्या माणसाला किल्ली हातात घ्यायच्या आधी साक्षीदार उभा करावा लागतो, यात हसण्यासारखं काय आहे?

मी हात पुसले. "साहेब, बसा जरा," म्हटलं, आणि बाक पुढे ओढला. "हा असं काहून करून राहिला ते तुम्हाला सांगते."

मधुकर घाईघाईनं मध्ये आला. "जाऊ द्या ना वं ताई. झालं ते झालं."

मी जाऊ दिलं नाही.